प्रवास म्हणजे जाणं नव्हे, राहणं

पेडण्याहून बारावीतल्या एका मुलीने विचारलंय की मराठीच्या प्रोजेक्टसाठी गोडसे भटजींचं १८५७ च्या बंडाच्या आठवणींचं 'माझा प्रवास' हे पुस्तक आणि तुकोबांचा 'आम्ही जातो आपुल्या गावा' हा अभंग यांची तुलना लिहायचीय, तर दोन्हीकडे 'प्रवास' हाच शब्द चालेल का, कारण गाईडमध्ये म्हटलंय की शरीराचा तो प्रवास आणि आत्म्याची ती यात्रा.

पहिली गोष्ट, ते गाईड मिटून ठेव. शरीर-आत्म्याची ही वाटणी कुणीतरी टेबलावर बसून केलेली आहे, भाषेत ती कुठेच नाही.

आणि हल्ली या शब्दाचं जे चाललंय ते ऐकवत नाही. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेतून बाहेर पडलेल्या पोराला विचारतात 'तुझी जर्नी कशी होती', दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचाच 'संगीतमय प्रवास' होतो, मग उद्योजकाचा प्रवास, वजन कमी करण्याचा प्रवास, आजारपणाचा प्रवास. अरे, आपल्याकडे वाटचाल आहे, कारकीर्द आहे, धडपड आहे, नुसतं 'दिवस काढले' आहे. हे सगळे शब्द धूळ खात पडलेत आणि एकट्या प्रवासावर सगळा बोजा!

तिकीट काढून कदंबच्या बशीत बसायचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, तो सोडून देतो. मूळ बघ. प्र + वस्. वस् म्हणजे राहणं. वस्ती, निवास, रहिवासी, देवाजवळ राहणं तो उपवास, आणि रात्री गावात मुक्काम करून पहाटे सुटते ती वस्तीची गाडी, सगळी एकाच धातूची लेकरं. प्र म्हणजे इथे दूर. तेव्हा प्रवास म्हणजे घर सोडून परमुलखात राहणं. पायांचा आणि चाकांचा त्यात संबंधच नाही!

काही पंडित 'प्र म्हणजे प्रकर्षाने' असं ठोकून देतात. मग प्रोषितभर्तृकेचं काय करायचं ते त्यांनी सांगावं. काव्यशास्त्रात सांगितलेल्या आठ नायिकांपैकी ही एक, 'प्रोषित' हे प्र-वस् चंच रूप, जिचा नवरा परगावी आहे ती. प्रकर्षाने राहणारा नवरा घरात असता तर ती बिचारी रडली कशाला असती? साहित्यशास्त्रात विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे ताटातुटीतल्या प्रेमाचे, प्रकार सांगतात त्यात पूर्वराग, मान, करुण यांच्याबरोबर चक्क 'प्रवास' हा एक प्रकार आहे. म्हणजे प्रवास हे विरहाचं नाव. मेघदूतातला यक्ष आठव, वर्षभर रामगिरीवर एका जागी बसून आहे, फिरतोय तो ढग, पण प्रवासात कोण तर यक्ष. आणि कालिदासाने पहिल्याच श्लोकात त्याच्यासाठी शब्द वापरलाय 'वसति', म्हणजे मुक्काम, तोच वस् धातू.

गोव्यात तर हा अर्थ पुस्तकात शोधायलाच नको. घरचा माणूस तारवटी, म्हणजे खलाशी, म्हणून बोटीवर किंवा गल्फात असतो त्या घरात विचार. आपले देवसुद्धा या अर्थाने प्रवासी आहेत, मंगेश १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळला आला तो आजतागायत तिथेच आहे, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. मला विचारशील तर प्रवास शब्दाचं याहून खरं उदाहरण नाही.

म्हणूनच २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुणी 'प्रवासी मजूर' म्हटलं की शुद्धलेखनवाले 'हिंदी, हिंदी' करून तुटून पडायचे त्याचा मला राग येत होता. स्थलांतरित म्हणा, मराठीत तोच शब्द रुळलाय, माझी काही हरकत नाही, पण हिंदीने जुना अर्थ सांभाळून ठेवला आणि आपण तो हरवला, एवढं तरी कबूल करा.

आता जे मला सांगायचंच आहे. जुन्या मराठीत एक शब्द होता, पेणे, म्हणजे वाटेतला मुक्काम, टप्पा. तो आला प्रयाणापासून, प्रयाण, पयाण, पेणे. आणि आपल्या कोकणीत 'पयण' म्हणजे काय? प्रवास! एकच मूळ, कोकणीत ते चालत राहिलं, मराठीत थांबलं. आणि प्रवासाचं नेमकं उलटं झालं, निघाला 'राहणे' म्हणून आणि आपल्याकडे येऊन चालायला लागला. दोन शब्दांनी भर रस्त्यात जागा बदलल्या! मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री झोप लागली नव्हती. माझं तर मत आहे की रायगडातलं पेण हे गावाचं नावसुद्धा यातूनच आलं, घाट उतरून आलेला माल खाडीवर येऊन थांबायचा ते पेणे. लोक हसतात, हसू देत.

आणि गोडसे भटजींचं वरसई याच पेण तालुक्यात! कर्ज फेडायचं म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ साली निघाले आणि बंडात सापडले. पुस्तक छापून आलं ते १९०७ मध्ये. त्यातलं लोकांना काय आठवतं? झाशी. म्हणजे वेढ्यात अडकून राहिले तो भाग, चाललेल्या वाटा नव्हेत. त्यांच्या शीर्षकातला प्रवास जुन्या अर्थानेही शंभर टक्के खरा आहे.

अभंगात प्रवास हा शब्दच नाही. पण 'आपुल्या' या शब्दावर बोट ठेव. निघालेत ते आपुल्या गावाला, म्हणजे इतके दिवस होते कुठे? परगावी. सगळा जन्म हाच प्रवास, आणि आता चाललंय ते घरी परतणं. भटजी वरसईला परतले आणि इथे तुकोबा वैकुंठाला परततात, तुलना करायची तर या परतण्याची कर.

यात्रा मात्र नको. यात्रा म्हणजे आपली जात्रा, शिरगावला लईराईच्या जात्रेला माणूस जातो आणि परत येतो. तुकोबा म्हणतात 'येथुनियां जन्मतुटी', परत यायचंच नाही. कुणी अंत्ययात्रा काढून दाखवेल, तर त्याला सांग, ती पोचवायला गेलेल्यांची, ते आंघोळ करून घरी येतात.

तेव्हा दोन्हीकडे प्रवास लिही, फक्त पहिल्या परिच्छेदात त्याचा अर्थ सांगून टाक आणि सरांनी विचारलं तर जन्मतुटीची ओळ दाखव. पेण्याचं घालायचं की नाही ते तू ठरव, मी असतो तर पहिलं अख्खं पान त्यालाच दिलं असतं.