द फॉल एवढा कर्कश बँड, तरी त्याचे चाहते चाळीस-चाळीस वर्षं त्याला सोडत का नाहीत?

तुम्ही लिहिलंय की द फॉलची तीन-चार गाणी ऐकली, गायक सुरात गातच नाही, कुणावर तरी खेकसल्यासारखा बोलत राहतो, गिटार पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी, मग लोकांना यात एवढं प्रेम करण्यासारखं काय दिसतं. मी २००९ ते २०१३ कामासाठी मँचेस्टरला होतो, राहायला सॅल्फर्डला, आणि हा बँड मला तिथेच भेटला, म्हणून मला जसं उमगलं तसं सांगतो, जरा लांबेल.

ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर एक जण बसायचा, तेव्हा पन्नाशीला आलेला, आणि सोळाव्या वर्षापासून हा बँड ऐकत आलेला. त्याने मला २००४ सालचा एक दोन सीडींचा संच दिला, '५०,००० फॉल फॅन्स कान्ट बी राँग', ३९ गाण्यांचा. म्हणाला आवडली नाही तरी पंधरा दिवस बसमध्ये ऐक, मग परत दे. पहिले आठ-दहा दिवस मला खरंच त्रास झाला, मी मध्येच बंद करायचो. मग एकदा संध्याकाळी घरी येताना लक्षात आलं की गेला अर्धा तास माझं बोट मांडीवर एकाच ठेक्यात चाललंय, आणि तो ठेका सीडीतल्या बासचा, म्हणजे खालच्या जाड सुरांच्या गिटारचा होता. स्टीव्ह हॅन्ली नावाचा माणूस १९७९ पासून जवळजवळ १९ वर्षं या बँडमध्ये बास वाजवत होता, आणि त्याची पद्धत म्हणजे एक जाड, सोपी चाल धरायची आणि पाच-सहा मिनिटं सोडायची नाही. मी लहानपणी गावी आजोबांबरोबर भजनाला बसायचो, तिथे एकच चरण दहा-पंधरा मिनिटं घोळवतात, पखवाज हळूहळू चढत जातो, आणि लहान मुलाला पहिल्यांदा कंटाळा येतो, नंतर अंगावर काटा येतो. मला द फॉल कळायला लागला तो या वाटेने. संगीत आणि श्रद्धा दोन्ही बाजूंनी त्यांचा भजनाशी काही संबंध नाही हे मला माहितीये, पण कानाला जे होतं ते तेच होतं. त्यांनीही हे लपवलं नव्हतं, १९७८ च्या पहिल्याच ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, 'रेपिटिशन' नावाचं गाणं आहे आणि ते पुन्हा पुन्हा तेच करण्याबद्दलच आहे.

आता तो खेकसणारा माणूस. मार्क ई. स्मिथ, जन्म १९५७, सॅल्फर्डच्या गोदीत क्लार्क होता. १९७६ मध्ये मँचेस्टरला सेक्स पिस्तल्स या लंडनच्या बंडखोर पंक बँडचा कार्यक्रम झाला आणि त्यातून शहरात बरेच बँड उभे राहिले, त्यातलाच हा, प्रेस्टविच भागातल्या चार मित्रमैत्रिणींचा, नाव फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूच्या 'द फॉल' या कादंबरीवरून घेतलेलं. स्मिथला गाता येत नव्हतं आणि त्याने शिकण्याचा प्रयत्नही केला नाही. तो बोलायचा, ओळीच्या शेवटी शब्दाला एक जास्तीचा 'अ' लावायचा, आणि त्याच्या शब्दांत भुताखेताच्या गोष्टी, पबमधली भांडणं, जाहिराती, शेजाऱ्यांवरचा राग सगळं एकत्र असायचं. मला तिथे राहिल्यामुळे एक गोष्ट दिसली, की हा आवाज स्टेजसाठी बनवलेला नाहीये, बस स्टॉपवर, पोस्टाच्या रांगेत लोक तसंच बोलतात, तेच हेल, तोच तिरकसपणा. तिथल्या माणसांना आपल्या गल्लीची बोली कुणी अशी, काहीही साफसूफ न करता रेकॉर्डवर ठेवली याचं काय वाटत असेल ते आपल्याला कळू शकतं, घरची बोली छापलेली बघितली की आपल्यालाही तसंच होतं.

पण एवढ्यावर चाळीस वर्षं कुणी राहत नाही. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे, आणि ते मला २०११ साली पहिल्यांदा त्यांना प्रत्यक्ष ऐकलं तेव्हा कळलं. तो सहकारीच घेऊन गेला होता. बरोबरीचे बहुतेक जुने बँड तोपर्यंत आपले गाजलेले अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवत होते आणि लोकही आपलं कॉलेजचं वय परत घ्यायला जायचे, त्यात वाईट काही नाही, मीही जातो. द फॉलने ते जवळजवळ कधी केलंच नाही. त्या रात्री बहुतेक गाणी अगदी अलीकडची होती, काही मी ऐकलेलीच नव्हती, आणि 'टोटली वायर्ड' किंवा १९८० च्या दशकातलं दुसरं काही वाजवा असं हॉलमध्ये एकाही माणसाने ओरडून सांगितलं नाही. माझ्या पुढे एक साठीची बाई छोट्या वहीत पेन्सिलने गाण्यांची नावं उतरवून घेत होती, एखादं ओळखता आलं नाही की तिथे प्रश्नचिन्ह काढायची आणि पुन्हा मान वर करून कान द्यायची. ते प्रश्नचिन्ह काढताना ती इतकी खूश दिसत होती की मी गाण्यापेक्षा तिच्याकडेच बघत राहिलो.

स्मिथ बराच उशिरा आला, हातात चुरगळलेले कागद. चालता चालता गिटारवाल्याच्या अँपचं बटण फिरवलं, आवाज एकदम बसला, गिटारवाला न थांबता वाजवत राहिला आणि स्मिथची पाठ वळल्यावर त्याने ते पूर्वीच्या जागी आणलं. मग स्मिथ कीबोर्डवर तळहात आपटून गेला, कीबोर्डवर त्याची तेव्हाची बायको एलेना पूलू, ती ढिम्म. नंतर माइक घेऊन पडद्याच्या मागे निघून गेला आणि दोन गाणी तिथूनच, माणूस दिसत नाही नि आवाज येतोय. मला आधी राग आला की पैसे देऊन हे बघायला आलोय का. पण त्या सगळ्या गडबडीत बँड इतका घट्ट वाजत होता, कारण पुढच्या क्षणी काय होईल हे स्टेजवर कुणालाच माहीत नव्हतं आणि सगळे जिवाचा कान करून ऐकत होते. आम्हीसुद्धा.

जॉन पील हा बीबीसीचा रेडिओवाला त्यांचा सगळ्यात मोठा चाहता, १९७८ ते २००४ मध्ये त्याच्या कार्यक्रमासाठी या बँडने २४ सेशन्स केली, म्हणजे स्टुडिओत येऊन खास त्या कार्यक्रमासाठी गाणी रेकॉर्ड केली. तो म्हणायचा की ते नेहमी वेगळे असतात आणि नेहमी तेच असतात. हे वाक्य सगळे वापरतात पण मला ते नीट कळलं ते त्या बाईच्या वहीतल्या प्रश्नचिन्हावरून. १९७९ पासून २०१७ पर्यंत तीसच्या वर स्टुडिओ अल्बम, साठच्या वर माणसं आली-गेली, काही अल्बम खरंच फसलेले आहेत आणि चाहते ते कबूल करतात, पण पुढचा आला की पुन्हा कोऱ्या कानाने बसायचं. आवडत्या बँडची नुसती आठवण काढत बसायची वेळ स्मिथने चाहत्यांवर कधी येऊ दिली नाही.

एक मात्र स्पष्ट लिहितो. स्मिथ बँडमधल्या बरोबरच्यांशी फार वाईट वागला, माणसं भराभर काढायचा, दारू पुष्कळ, १९९८ मध्ये न्यूयॉर्कला स्टेजवरच मारामारी झाली आणि हॅन्लीसकट जुनी माणसं निघून गेली. मला हॅन्लीचा बास जास्त प्रिय आहे, त्यामुळे हे मला आजही लागतं. कलाकार आहे म्हणून चालवून घ्या असं मी म्हणणार नाही, आणि माझ्या ओळखीचे चाहतेही म्हणत नाहीत. ते त्याच्यावर रागावतात आणि रेकॉर्ड लावतात, दोन्ही खरं असतं.

४ नोव्हेंबर २०१७ ला ग्लासगोला शेवटचा कार्यक्रम झाला, स्मिथ व्हीलचेअरवर होता आणि तरी गायला. २४ जानेवारी २०१८ ला गेला, साठ वर्षांचा होता. प्रेस्टविचला एका चिप्सच्या दुकानाच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र काढलंय, सहकाऱ्याने मला फोटो पाठवला होता, खाली फूटपाथवर लोक चिप्सच्या रांगेत उभे. दर २४ जानेवारीला तो मला व्हॉट्सॲपवर एका गाण्याचं नाव पाठवतो, दुसरं काही लिहीत नाही, आणि मी पुण्यात ते रात्री ऐकतो.

तुम्हाला ऐकायचं असेल तर आधी १९८५ चा 'धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस' घ्या, तो त्यातल्या त्यात मोकळा आहे, ब्रिक्स स्मिथच्या, म्हणजे मार्कच्या त्या वेळच्या बायकोच्या गिटारमुळे चालीही लक्षात राहतात. मग १९८२ चा 'हेक्स एंडक्शन अवर', दोन ड्रमर आणि तासभर लांब, आणि त्यातलं 'हिप प्रीस्ट' रात्री हेडफोन लावून. सुरुवातीला फार काही घडत नाही, तो जवळजवळ पुटपुटतो, बास कुठेतरी खाली चालत असतो. तिथे बंद करू नका, आवाजही वाढवू नका.