टेलिहँडलरमधला ‘टेलि’ कुठून आला?

प्रश्न : बांधकामावर सुरक्षेचे फलक मराठीत लावायचे आहेत. ‘टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट’ म्हणजेच टेलिहँडलर, त्याचे भाषांतर ‘दूरदर्शी काटा-उचलक’ असे होऊन आले आहे. कामगार त्याच यंत्राला ‘हायड्रा’ म्हणतात. बरोबर काय?

दोन्ही चूक. पण कामगारांची चूक समजण्यासारखी आहे. हायड्रा म्हणजे हुकाला माल टांगून चालत नेणारी क्रेन. तिचीही बूम, म्हणजे माल उचलणारा लांब हात, लांब होते, म्हणून गल्लत होते. ‘दूरदर्शी’ला मात्र माफी नाही. दूरदर्शी माणूस असतो, धोरण असते. लोखंडी बूम नसते. हा शब्द मी गेल्या वर्षभरात तिसऱ्यांदा वाचतो आहे.

‘दूरदर्शी’ आले ते ‘टेलिस्कोप’ या शब्दावरून. गॅलिलिओ आपल्या दुर्बिणीच्या नळीला ‘पर्स्पिसिल्लम’ म्हणत असे. १६११ मध्ये रोमला विद्वत्सभेचा संस्थापक फेदेरिको चेझी याने त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली आणि तिथे ‘टेलिस्कोप’ हे नाव पुढे आले. घडवणारा देमिसियानी हा ग्रीक गणितज्ञ. टेले म्हणजे दूर, स्कोपेइन म्हणजे पाहणे. आता आपली दुर्बीण घ्या : फारसी दूर, आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. तमाशबीनमधला बीन तोच, सूक्ष्मदर्शकाला उर्दूत खुर्दबीन म्हणतात त्यातलाही तोच. ग्रीक आणि फारसी, दोन्हींकडे जोड तंतोतंत एक! आपण फक्त शेवटी ण लावून तिला घरची केली.

पुढे खलाशांच्या हातात एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या दुर्बिणी आल्या आणि इंग्रजीत ‘पाहणे’ गळून ‘सरकणे’ उरले. एकोणिसाव्या शतकात रेल्वेची टक्कर होऊन डबे एकमेकांत घुसले की ते ‘टेलिस्कोप झाले’ असे इंग्रज म्हणू लागले. आपल्या यंत्रातला अर्थ हा. मराठी दुर्बिणीला तो कधी चिकटलाच नाही, म्हणून ‘दुर्बिणी बूम’ही चालणार नाही.

माझ्या ओळखीचे एक कोशप्रेमी गृहस्थ ठासून सांगतात की टेलिहँडलर म्हणजे ‘दुरून हाताळणारा’. साफ चूक. इथला ‘टेलि’ ग्रीकातून थेट आलेला नाही; तो ‘टेलिस्कोपिक’चा तुटलेला तुकडा आहे. त्यांनी एकदा यंत्राजवळ उभे राहून पाहावे. साध्या फोर्कलिफ्टचा मास्ट, म्हणजे काटे वर नेणारा खांब, उभा असतो, माल सरळ वर जातो. इथे बूम यंत्राच्या मागच्या बाजूला बिजागरीसारखी बसवलेली असते. तिच्या पोकळ पोलादी पेट्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या जोरावर एकीतून एक बाहेर सरकतात आणि माल वर जातो तसा पुढेही जातो. म्हणून खड्ड्यापलीकडे किंवा तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर विटांचे पॅलेट (विटा रचलेली लाकडी फळी) थेट ठेवता येते. फोर्क काढून बकेट, हूक किंवा माणसांचा पिंजरा लावता येतो. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या जेसीबी कंपनीने १९७७ मध्ये ‘लोडऑल’ नावाचे टेलिहँडलर आणले, तेव्हापासून तिकडच्या शेतांवर पेंढ्याच्या गाठी रचायलाही हेच यंत्र. लॅटिन ‘फुर्का’ म्हणजे गवत उचलायचे दुबेळके. फोर्क पुन्हा गवतात गेला, याचा मला फार आनंद होतो!

फलकाचे राहिलेच. वर ‘टेलिहँडलर’ लिहा, कामगार आठवड्यात रुळतील. कंसात मराठी हवेच तर ‘सरकत्या बूमचे उचलयंत्र’. आणि नावापेक्षा मोठ्या अक्षरांत हे लिहा : ‘बूम जितकी पुढे, तितका भार कमी. भाराचा तक्ता पाहूनच माल उचला.’ जवळ तीन-साडेतीन टन पेलणारे यंत्र बूम पूर्ण पुढे काढल्यावर अनेकदा एक टनही पेलत नाही, तोंडावर कलंडते.