बँकेत पैसा, तरी पोहे बंद

प्रश्न : ताई, मी सुदामा नगरात राहतो, शाळेतून निवृत्त झालो आहे. मुलगी सहा वर्षांपासून सुपर कॉरिडॉरवरच्या एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीकडे पैशाला तोटा नाही, असं तीच सांगायची. आता मेल आला : संध्याकाळचे पोहे-चहा बंद, घरी सोडायला कॅब रात्री नऊनंतरच, आणि एप्रिलपासून आई-वडिलांचा मेडिक्लेम कंपनी भरणार नाही. कारण काय, तर त्यांच्यासारखंच सॉफ्टवेअर बाजारात फुकट मिळायला लागलं आहे. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरायचं आहे. पण मला सतावतो आहे तो वेगळाच प्रश्न. ज्याची तिजोरी भरलेली आहे, तो पोह्यांवर का उठतो? मुलीची नोकरी धोक्यात आहे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नमस्कार भाऊ. मी ३१ वर्षं पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात कॉस्टिंग, म्हणजे मालावरच्या खर्चाचा हिशेब, केलं. सॉफ्टवेअर बनवलं नाही, पण मुलीच्या कंपनीवर आलेली वेळ आम्हा औषधवाल्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. पेटंट संपलं की तीच गोळी दुसरा कुणी निम्म्या भावात आणतो. तरी त्यालाही पावडर विकत घ्यावी लागते, फॉइल लागतं, बॉयलर पेटवावा लागतो, त्यामुळे एका मर्यादेखाली त्याला भाव पाडता येत नाही. सॉफ्टवेअरचं तसं नाही. सगळा खर्च पहिल्या प्रतीला, पुढच्या लाख प्रतींना जवळजवळ काहीच नाही. म्हणून तिथे भाव शून्यावर येऊ शकतो.

आणि नुसतं फुकट असतं तर एक वेळ चाललं असतं. हे सॉफ्टवेअर मुक्तही असतं. लिनक्स, म्हणजे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केलं. त्याचा कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की बदललेलं वाटलंत तर त्याचा कोडही खुला ठेवा. श्रीमंत कंपनीचं नेहमीचं हत्यार म्हणजे भाव पाडून समोरच्याला दमवायचं. तू तोट्यात सहा महिने काढशील, मी सहा वर्षं काढीन. पण इथे दमवायचं कुणाला? एक कंपनी बंद पडली तरी कोड शिल्लक राहतो, दुसरा उचलतो. तिजोरीचा उपयोग इथेच संपतो, भाऊ.

नव्या मुलांना शिकवताना मी मायक्रोसॉफ्टचं २००४ सालचं उदाहरण द्यायचे. जून २००४ला संपलेल्या वर्षात त्यांची विक्री सुमारे ३७ अब्ज डॉलर, निव्वळ नफा ८ अब्जांच्या वर, हातात रोकड ६० अब्जांच्या आसपास. समोर लिनक्स आणि त्यांच्या ऑफिसला फुकटचा पर्याय असलेलं ओपनऑफिस. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३मध्ये आपले सुमारे १४,००० कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचं ठरवलं, तेव्हा कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला गेले होते, तरीही तो निर्णय झाला. २००४च्या जुलैमध्ये बाल्मर यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की येत्या वर्षात एक अब्ज डॉलरची काटकसर करायची आहे. त्याच्या थोडं आधी सवलतींना कात्री लागली होती. कर्मचाऱ्यांना शेअर १५ टक्के सवलतीत मिळायचे, ते १० टक्क्यांवर आणले. जेनेरिक औषध मिळत असताना ब्रँडचं घेतलं तर खिशातून जास्त भरा, असं सांगितलं. आणि सायकलने किंवा धावत येणाऱ्यांसाठी लॉकर रूममध्ये जे टॉवेल ठेवत, ते बंद केले.

आता हिशेब मांडा. तेव्हा तिथे साधारण ५७,००० माणसं होती. एक अब्ज डॉलर म्हणजे माणशी साडेसतरा हजार डॉलर. टॉवेलांतून एवढे निघणं शक्यच नाही. खरी बचत नवी भरती, प्रवास, जाहिरात आणि बाहेर दिलेली कामं यांत होते. आणि पुढे बघा : त्याच जुलैमध्ये त्यांनी शेअरधारकांना एकरकमी ३२ अब्ज डॉलरचा लाभांश जाहीर केला.

इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बँकेतला पैसा आणि वर्षाचा नफा ही दोन वेगळी खाती आहेत. साठलेला पैसा मालकांचा, म्हणजे शेअरधारकांचा. ते साठा बघत नाहीत, नफा दर वर्षी वाढतो का ते बघतात. विक्रीची वाढ मंदावली की नफा वाढलेला दाखवायला एकच वाट उरते, खर्च कमी करणं. आमच्याकडे निदान कच्च्या मालात, कोळशात, वाया जाणाऱ्या पावडरीत वाचवता यायचं. सॉफ्टवेअर कंपनीचा खर्च म्हणजे माणसं आणि माणसांच्या सोयी. हात तिथेच जातो. पोहे आधी जातात, कारण ते सगळ्यांना दिसतात. ‘दिवस बदललेत’ हा निरोप पोहे बंद करून एका संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर पोचतो.

असा निरोप मीही एकदा पाठवला आहे. आमच्या एका गोळीचा भाव कोसळला, तेव्हा दुपारी चारचा कँटीनचा दुसरा चहा बंद करण्याची फाइल मी तयार केली. रोज ३४० कप, कप दीड रुपयाला, वर्षाचे दीड लाखाच्या वर. साहेबांनी शाबासकी दिली. मग ग्रॅन्युलेशनची, म्हणजे पावडरीचे दाणे करणारी, मुलं चार वाजता गेटबाहेरच्या टपरीवर जायला लागली. गाऊन काढा, बूट बदला, परत या, कपडे चढवा, वीस-पंचवीस मिनिटं सहज जायची. एके दिवशी ड्रायरमधली बॅच गरजेपेक्षा जास्त सुकली. दाणे कोरडे पडले की गोळी नीट बांधत नाही. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशनला, म्हणजे दाणे दाबून गोळ्या करताना, गोळ्यांच्या वरच्या टोप्या निघायला लागल्या. मी स्वतः ट्रेमधली एक गोळी बोटांत धरली, नखाने टेकवताच दोन तुकडे. बॅच रिजेक्ट, नुकसान दोन लाखांच्या वर. चहामुळेच गेली असं मी शपथेवर म्हणणार नाही. पण त्या ड्रायरवरचा मुलगा आठ वर्षांचा जुना होता, आधी कधी चुकला नव्हता. आठ महिन्यांनी चहा सुरू झाला. तो मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मायक्रोसॉफ्टचे टॉवेलही परत आले. २००६ साली मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख लिसा ब्रुमेल यांनी ते आणले.

काटकसरीने नफा टिकतो, गिऱ्हाईक टिकत नाही, हे मी छातीठोक सांगते. शून्य किमतीशी भावात बरोबरी होत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सोडून जाणं अवघड असतं म्हणून, किंवा सेवा चोख असते म्हणून. घरी मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशेब मी ओपनऑफिससारख्याच लिब्रेऑफिसवर ठेवते, एक पैसा लागत नाही. कारखान्यात मात्र आम्ही एक्सेलच चालवलं, कारण बॅच कॉस्टिंगच्या शीटमधले जुने मॅक्रो, म्हणजे आपोआप हिशेब करणाऱ्या आज्ञा, दुसरीकडे धड चालेनात. म्युनिकनेही २०१७मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. आणि मायक्रोसॉफ्ट पुढे वाढली ती सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्याने देऊन आणि क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून आपले कॉम्प्युटर भाड्याने वापरायला देण्याच्या, जोरावर. त्यांच्या क्लाउडवर आज लिनक्स चालतं. २०१८मध्ये त्यांनी गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घेतलं, जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला मुक्त कोड ठेवतात.

नोकरीचं म्हणाल तर पोह्यांवरून काही ठरवू नका. मायक्रोसॉफ्टने टॉवेल काढले २००४ला. पहिली मोठी कपात, ५,००० जागांची, जाहीर झाली जानेवारी २००९मध्ये, मंदीत. मुलीला तीन गोष्टी बघायला सांगा. सोडून गेलेल्यांच्या जागी माणसं घेतात का. जुनी गिऱ्हाइकं करार पुढे चालवतात का. आणि ती ज्या प्रॉडक्टवर आहे त्यात नवं काम येतं आहे, की फक्त दुरुस्त्या चालल्यात. दुरुस्त्याच उरल्या असतील तर तिने आतल्या आत दुसरी टीम मागावी, आणि आजच मागावी. कॅबचं मात्र मी सोडणार नाही. सुपर कॉरिडॉरवरून रात्री साडेआठला मुलीने एकटीने निघायचं, हे सवलतीच्या यादीत येतच नाही. चार-पाच जणींनी मिळून लेखी द्यावं. एचआरला एकटीचा अर्ज बाजूला ठेवता येतो, पाच सह्यांचा ठेवता येत नाही.

विम्याचं तुम्ही ओघात लिहिलंत, पण घाई तिथेच आहे. मुलीच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि आधी काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमध्ये, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळायला थांबावं लागतं त्या मुदतीत, धरली जातात. पॉलिसी संपल्यावर अर्ज केलात तर हे हातचं जाईल. निदान दीड महिना आधी अर्ज द्या, पोच घ्या. मुलीकडून पॉलिसी नंबर आणि तुम्हा दोघांची नावं त्यात कोणत्या तारखेपासून आहेत तो कागद आजच मागवा. आणि वहिनींचं ऑपरेशन मार्चअखेरच्या आत बसतं का, हे डॉक्टरांना उद्याच विचारा.