परफेक्ट म्हणजे पूर्ण

"मॅडम, हिला सगळं परफेक्टच लागतं. आणि त्यापायी पेपर अर्धा राहतो. काय करू?" दहावीच्या वर्षात ही काळजी घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यातल्याच एका मायलेकींची ही हकिगत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

विज्ञान भाग १ च्या 40 गुणांच्या सराव पेपरात मुलीचे 11 गुणांचे प्रश्न कोरे होते. येत होते सगळे, पण पहिलंच उत्तर तीनदा खोडून लिहिलेलं. तिची प्रयोगवही मी मागून घेतली. वरवर देखणी. शिवणीवरून बोट फिरवलं, तर फाडलेल्या पानांच्या कडा हाताला लागल्या. भिंगाच्या आकृतीपाशी खोडरबराने कागद इतका झिजला होता की मागची अक्षरं दिसत होती.

अशा वेळी मी आधी पुन्हापुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं अशा मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) लक्षणांची चौकशी करते. तसं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. इथे ते नव्हतं.

"परफेक्ट म्हणजे काय गं?"

"एकही चूक नाही ते."

"आणि प्रेझेंट परफेक्ट टेन्सला मराठीत काय म्हणता?"

"पूर्ण वर्तमानकाळ." बोलता बोलता ती थांबली.

या शब्दाचं लॅटिन मूळही तेच सांगतं: पुरं केलेलं, तडीस नेलेलं. 'मी लिहिलं आहे' या वाक्यात अक्षर कसं आलं याचा पत्ताच नाही. लिहून झालंय, एवढंच.

आपल्याकडे हिशोब चोख असतो, नेम अचूक, घर नेटकं. हे शब्द बहुधा कामाला लागतात. 'परफेक्ट' मात्र आपण सरसकट माणसाला चिकटवतो. मग चूक उत्तरात राहत नाही, मुलगीच चुकीची ठरते. मला हा शब्द घराघरांत कौतुकाने वापरलेला ऐकला की म्हणूनच धास्ती वाटते.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये या अट्टहासाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून निर्दोषपणा मागणं, दुसऱ्याकडून मागणं, आणि लोक आपल्याकडून तो मागताहेत असं वाटत राहणं. तिसरा जास्त पोखरतो. म्हणून विचारलं, "चूक राहिली तर कोणाला खटकेल?"

तिने आईकडे पाहिलं. "मी लाटलेली पोळी आई परत लाटते."

आईचा चेहरा उतरला. "अहो, कडा जाड राहतात म्हणून..." पुढे त्यांना बोलवेना.

मुलीला काम दिलं: रोज 15 मिनिटं पेनने उत्तर लिहायचं, खोडरबर दुसऱ्या खोलीत. चुकलं तर एकच आडवी रेघ, आणि पुढे. पहिल्या आठवड्यात ती दोनदा रडली. आईला सांगितलं, "ताई, तिच्या पोळीला हात लावायचा नाही." हे काम जास्त अवघड होतं. त्या दोनदा विसरल्या, आणि आपणहून सांगितलंही.

दीड महिन्याने मुलगी पुढचा सराव पेपर घेऊन आली. सगळे प्रश्न लिहिलेले, चार ठिकाणी रेघा. आई म्हणाल्या, "काल हिची पोळी मधे कच्ची होती. तशीच खाल्ली मी."

"तवा नीट तापला नव्हता," मुलगी म्हणाली.