‘रिजेक्ट झालाय’ एवढ्यावर घरी येऊ नका

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय ३८. मालक जाऊन वर्ष झालं, किडनीचं दुखणं होतं. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. सासरच्याच घरात मागच्या दोन खोल्यांत राहते, चूल वेगळी आहे. पुढच्या बाजूला सासूबाई आणि दीर. दीर टेम्पो चालवतात. रेशन कार्ड सगळ्यांचं एकच, सासूबाईंच्या नावावर. मी शिवणकाम करते, महिन्याला हजार-दीड हजार सुटतात. संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म दोनदा भरला. दोन्ही वेळा सेतूतल्या (सरकारी अर्ज भरायच्या केंद्रातल्या) मुलानं बघून सांगितलं, ‘रिजेक्ट झालाय, परत भरा.’ दर वेळी तीनशे रुपये गेले. तहसीलला गेले तर म्हणाले, तुमचं केशरी कार्ड आहे, तुम्ही यात बसत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावर ४८,००० लिहून आलंय, ते कुठून आलं मला कळत नाही. लाडकी बहीणचे फॉर्म चालू होते तेव्हा मी दवाखान्यात मालकांपाशी होते, तेही राहून गेलं. आता गावातला एक जण म्हणतो, पाच हजार द्या, समितीतून मंजूर करून आणतो. तिसऱ्यांदा फॉर्म भरू, का याला पैसे देऊ? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर : ताई, दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

मी ३१ वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली सहा ‘संगायो’च्या, म्हणजे याच संजय गांधी योजनेच्या, टेबलावर. कचेरीत या योजनेला कोणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. त्या सहा वर्षांत माझ्या हाताखालून जे अर्ज नामंजूर होऊन गेले, त्यातले बरेचसे खरोखरच्या गरजू बायकांचे होते. अडत होतं ते एखाद्या कागदावर, आणि कोणत्या, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसायचं. त्या तुमच्यासारख्याच तोच गठ्ठा पुन्हा भरायच्या. तेच कागद आत गेले की तोच शेरा बाहेर येतो.

तुमचे ४८,००० कुठून आले ते मला पत्र वाचतानाच दिसलं. दिरांच्या टेम्पोतून आले. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीनं निघतो, पण आकडा धरला जातो तलाठ्याच्या अहवालावरून. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गावात अजून भाऊसाहेबच आहेत.) भाऊसाहेबांनी रेशन कार्ड समोर धरलं, त्यावरची सगळी माणसं एक कुटुंब मानली आणि मिळवत्या माणसाची कमाई लिहून टाकली. तुमची चूल वेगळी आहे हे कार्डावर कुठे लिहिलंय?

या योजनेला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत लागतं, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. दोन्हीपैकी एक चालतं. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाखांची आणि निराधाराला २१ हजारांची, हे काय गणित आहे ते मला नोकरीत असतानाही कोणी समजावू शकलं नसतं. असो. मर्यादा आहे ती आहे, आणि तुमच्या शिवणकामाचे वर्षाचे १८,००० तिच्या आत बसतात.

केशरी कार्डाचं मनातून काढून टाका. केशरी कार्ड वर्षाला १५ हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना मिळतं. १८ हजारवालीही त्यात येते आणि ९० हजारवालीही. कार्डाचा रंग बघून कोणी तुम्हाला खिडकीवरून परत पाठवत असेल तर त्यांना म्हणावं, हेच लेखी द्या.

लेखी. सगळं इथेच येऊन थांबतं. सेतूतला मुलगा मोबाइलमध्ये बघून जे बोलला ते निकालपत्र नव्हे. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करा : माझा अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या कारणानं नामंजूर झाला ते लेखी कळवावं. दोन प्रती न्या. एक आवक-जावकच्या टेबलावर द्या, दुसरीवर तारीख आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणतील. पोच द्यायला साहेब लागत नाहीत, शिक्का कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये असतो.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर तोही नाही. ‘अर्ज का नाकारला’ असं विचारत बसू नका, कागद मागा : माझ्या अर्जावरचा चौकशी अहवाल, आणि समितीच्या ज्या बैठकीत माझा अर्ज ठेवला तिच्या इतिवृत्ताचं ते पान. तीस दिवसांत द्यावं लागतं. त्या पानावर तुमच्या नावासमोर दोन-तीन शब्दांचा शेरा असेल. ‘उत्पन्न जास्त’, ‘वयाचा पुरावा नाही’, ‘रहिवास अपूर्ण’ (राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं), असं काहीतरी. ते शब्द हाती आले की काय दुरुस्त करायचं ते कळतं.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. पुरवठा शाखेत विभक्त शिधापत्रिकेचा अर्ज करा. त्यासाठी सासूबाईंच्या कार्डातून तुमचं आणि मुलांचं नाव कमी करावं लागेल, आणि घरात कुरबूर व्हायची ती इथेच होईल. त्यांना आधीच सांगा की घर-जमिनीच्या वाटणीशी याचा काही संबंध नाही, हे फक्त धान्याचं कार्ड आहे. मग नव्या कार्डावर उत्पन्नाचा नवा दाखला मागा. भाऊसाहेबांना घरी बोलवा, मागच्या खोल्यांतली चूल, तुमची मशीन दाखवा आणि शेजारच्या दोघांचे जबाब पंचनाम्यात घ्यायला सांगा. शिवणाचे पैसे लपवू नका. १,५०० सुटतात तर १,५०० सांगा. शून्य लिहिलेला दाखला कोणालाच खरा वाटत नाही.

आता माझी एक चूक सांगते. एका बाईच्या अर्जावर मी लाल शाईनं ‘उत्पन्न जास्त’ लिहिलं होतं. आठ महिन्यांनी ती परत आली. तेच कागद, कडा मऊ पडलेल्या, दाखला घडीवर फाटला होता म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. मी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा आली ती नेमकी जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर गर्दी नव्हती, म्हणून विचारलं, घरात कोण कोण असतं? सासरे निवृत्त शिक्षक, त्यांची पेन्शन धरली गेली होती. सासरे सहा वर्षांपासून थोरल्या मुलाकडे दुसऱ्या गावी राहत होते, इथे फक्त त्यांचं नाव होतं कार्डावर. एवढा एक प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तिचं दीड वर्ष गेलं. तुम्हाला विचारणारं कोणी भेटलं नाही तर तुम्हीच सांगा, आणि अर्जाला जोडून लिहूनही द्या.

नवा दाखला हातात आला की मग तिसरा अर्ज. पतीच्या मृत्यूचा दाखला, मुलांच्या वयाचे पुरावे, आधार जोडलेलं बँक खातं. तुमच्या आधारवर माहेरचं नाव आहे का तेही एकदा पाहा, मृत्यूच्या दाखल्यावरच्या बायकोच्या नावाशी ते जुळत नसेल तर आधी ते नीट करा. एवढं करूनही अडलं तर तालुक्याच्या लोकशाही दिनात जा. तिथेही नाही सुटलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, मात्र त्याचा अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

पाच हजारवाल्याबद्दल : महिन्याला १,५०० मिळणार, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त पैसे तो आधीच मागतोय. समितीत जाऊन तो काय करणार, दाखल्यावरचा ४८,००० चा आकडा खोडणार? फारच मागे लागला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे, पैसे लागत नाहीत.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. दारिद्र्यरेषेच्या यादीत कुटुंबाचं नाव असेल आणि मालकांचं वय ६० च्या आत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब सहाय्य योजनेतून एकरकमी २०,००० मिळतात. अर्ज त्याच तहसीलमध्ये. ग्रामसेवकाकडून यादी याच आठवड्यात बघून घ्या, कारण त्यात नाव निघालं तर उत्पन्नाच्या दाखल्याची ही सगळी कटकटही हलकी होईल.

प्रश्न : आजोबांचे श्रावणबाळ योजनेचे (म्हातारपणी मिळणारे) पैसे चार महिने आले नाहीत. पासबुकात बारा रुपये शिल्लक. अर्ज रद्द झाला का?

उत्तर : आधी पैसे दुसऱ्याच खात्यात साठलेत का ते बघा. आता हे पैसे डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, येतात, आणि आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं असेल तिथे जातात. सिमकार्ड घेताना अंगठा देऊन एखाद्या पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलं, आणि आजोबांना पत्ताच नाही, असं होतं. बँकेत जाऊन ‘एनपीसीआयला कोणती बँक दिसते’ एवढंच विचारा (आधार कोणत्या बँकेला जोडलंय याची नोंद त्या संस्थेकडे असते). तिथे काही निघालं नाही तर हयातीचा दाखला दिला होता का ते पाहा. द्यायचा राहिला असेल तर आजोबांनाच तहसीलला न्या, शक्यतो सकाळी अकराला, दुपारनंतर त्या बाकावर बसायला जागा नसते.