अंगठीसाठी हिरा परवडत नसेल तर

अगं, साखरपुड्याची अंगठी रोज घालणार असशील तर अमेरिकन डायमंड (हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा) नको. माझी मालवणात दोन वर्षं टिकली, मग कडा बोथट, खडा धुरकट. मोहस् मोजपट्टीवर (खड्यावर किती सहज चरे पडतात ते सांगणाऱ्या, 1 ते 10) त्याचा कठीणपणा 8 ते 8.5, मॉइसनाइटचा (हिऱ्यासारखाच दिसणारा, प्रयोगशाळेत बनवलेला दुसरा खडा) 9.25, हिऱ्याचा 10. पांढरा पुष्कराज (म्हणजे व्हाइट सफायर) 9 चा, पण चमक मंदच.

मी मॉइसनाइट घेईन. उन्हात हिऱ्याहून जास्त रंग फेकतो, काहींना ते भडक वाटतं. हिऱ्यापासून वेगळा ओळखायला भिंगातून तिरकं बघ, मॉइसनाइटच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात. हिरा तपासणारा, उष्णतेवर चालणारा टेस्टर मात्र त्याला हिराच ठरवतो, तेव्हा टेस्टर वाजला म्हणून हिऱ्याचे पैसे मोजू नकोस!

आणि बांगडे साफ करताना अंगठी काढून ठेव. तेलकट थर बसला की खराखुरा हिराही काचेसारखा दिसतो.