२०२० मध्ये आई यूकेत सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिली, आता नवीन व्हिसाच्या फॉर्मवर ती ट्रिप दाखवायची का?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण हे आमच्या घरात जवळपास जसंच्या तसं घडलेलं आहे. तुम्ही लिहिलंय की आई २० नोव्हेंबर २०१९ ला व्हिजिटर व्हिसावर भावाकडे लेस्टरला गेल्या, सहा महिने मे महिन्यात संपले, कोविडमुळे विमानंच नव्हती म्हणून परत यायला २२ ऑगस्ट उजाडला, तेव्हा कुणी कुणाला ईमेल वगैरे केला नाही, आणि आता भावाने परत बोलावलंय तर एजंट म्हणतोय की ती ट्रिप फॉर्मवर दाखवूच नका, ओव्हरस्टे, म्हणजे मुदत संपल्यावरही राहिल्याचं, दिसेल.

एजंटचं ऐकू नका. अगदी कळकळीने सांगतोय. तुमच्या आईंनी काहीही चुकीचं केलेलं नाहीये, पण ती ट्रिप लपवली तर मात्र चूक होईल आणि ती महागात पडेल.

आमचं काय झालं ते आधी सांगतो म्हणजे कोविडच्या काळात यूकेने मुदतीत दिलेली सवलत कशी होती ते नीट कळेल. मी रेडिंगला राहतो, माझे आईबाबा १४ ऑक्टोबर २०१९ ला पुण्याहून आले, मुलीच्या जन्मासाठी. परतीचं तिकीट २८ मार्चचं. १८ मार्चपासून भारताने यूके आणि युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना बंदी केली, २२ तारखेपासून तर सगळीच आंतरराष्ट्रीय विमानं बंद, आणि २३ ला संध्याकाळी इकडेही लॉकडाऊन. बाबा म्हणाले, अरे व्हिसा तर २०२१ पर्यंत आहे, घाबरतोस कशाला. इथेच बहुतेकांची गल्लत होते बघा. पासपोर्टवरच्या स्टिकरवर जी तारीख असायची ती स्टिकर कधीपर्यंत चालेल त्याची, तोपर्यंत सलग राहता येतं असा तिचा अर्थ नाही. स्टिकर दोन वर्षांचं असो की पाच वर्षांचं, एका खेपेला राहता येतं जास्तीत जास्त सहा महिनेच, आणि ते मोजायचे हीथ्रोवर शिक्का मारला त्या तारखेपासून. बाबांनी येताना बॅगेत घालून आणलेलं कालनिर्णय भिंतीवर होतं, त्यावर १४ एप्रिलला मी लाल पेनाने गोल केला तेव्हा कुठे त्यांना पटलं की आपली मुदत स्टिकरच्या वर्षभर आधी संपतेय.

आता सवलतीचं. फेब्रुवारी २०२० मध्ये होम ऑफिसने, म्हणजे यूकेच्या गृहखात्याने, आधी फक्त चिनी नागरिकांसाठी ती आणली होती, मग २४ मार्चला सगळ्याच देशांच्या लोकांसाठी केली. २४ जानेवारी २०२० नंतर ज्यांची मुदत संपली आणि जे प्रवासबंदीमुळे किंवा आयसोलेशनमुळे जाऊ शकत नव्हते त्यांची मुदत ३१ मेपर्यंत वाढवली, मे महिन्यात ती ३१ जुलैपर्यंत नेली, आणि त्यानंतर १ ते ३१ ऑगस्ट हा महिना निघायची तयारी करायला ग्रेस पिरियड म्हणून दिला. सुरुवातीला यासाठी एका हेल्पलाइनच्या पत्त्यावर ईमेल करायचा होता, नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, व्हिसाचा प्रकार, मुदत कधी संपते आणि का जाता येत नाही एवढंच लिहून. मी तो ईमेल केला होता, सोबत रद्द झालेल्या तिकिटाची मेल जोडली होती, आणि दोन परिच्छेदांचं उत्तर आलं ते आजही मी आईबाबांच्या पासपोर्टच्या फाइलमध्ये प्रिंट काढून ठेवलंय.

तुम्ही ईमेल केला नाही म्हणून जीव खालीवर करू नका. होम ऑफिसने नंतर स्वतःच्या गाइडन्समध्ये स्वच्छ लिहिलं होतं की ज्यांची मुदत २४ जानेवारी ते ३१ ऑगस्ट २०२० च्या दरम्यान संपली त्यांनी त्या काळात अर्ज केला नसला तरी पुढे इमिग्रेशनमध्ये त्याचा वाईट परिणाम होणार नाही. तुमच्या आईंची मुदत संपली २० मे ला, त्या निघाल्या २२ ऑगस्टला. दोन्ही तारखा आतच आहेत.

खरा फरक १ सप्टेंबर २०२० पासून पडला आणि तो अनेकांच्या लक्षात आला नाही. त्यानंतर आपोआप काही मिळत नव्हतं, एक्सेप्शनल अ‍ॅश्युरन्स नावाची वेगळी सोय होती, त्यासाठी स्वतः अर्ज करायचा आणि पुरावा द्यायचा, म्हणजे नक्की झालेलं तिकीट किंवा कोविड पॉझिटिव्ह रिपोर्ट असं काहीतरी. आणि ते मिळालं तरी त्याने व्हिसा वाढत नव्हता, तेवढ्या दिवसांपुरतं तुम्हाला कुणी ओव्हरस्टेयर म्हणणार नाही एवढंच संरक्षण. त्यामुळे इथे वाचणाऱ्या कुणाचे आईवडील सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये परतले असतील तर त्यांनी तुमची केस बघून निर्धास्त होऊ नये, त्यांच्याकडे त्या अ‍ॅश्युरन्सची मेल आहे का हे आधी शोधावं आणि नसेल तर वकिलाशी बोलावं.

आणखी एक सांगतो, थोडं बाजूचं आहे पण मला ते विसरता येत नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्याच आणल्या होत्या, एप्रिलच्या मध्यावर आईने मला हळूच सांगितलं की ते गोळीचे दोन तुकडे करून अर्धी अर्धी खातायत, मला टेन्शन नको म्हणून. तेव्हा मला कळलं की इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, व्हिजिटरलाही टेम्पररी पेशंट म्हणून नाव घालता येतं, फोनवर बोलून झालं, आणि साठीच्या पुढच्यांना औषधाच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत म्हणून गोळ्याही फुकट मिळाल्या. हे कोविडसाठी खास केलेलं नव्हतं, आधीपासूनच होतं, आम्हालाच माहीत नव्हतं. कोविडची तपासणी आणि उपचार मात्र व्हिजिटरसकट सगळ्यांना फुकट होते. किती जणांच्या आईवडिलांनी त्या काळात अशा अर्ध्या गोळ्या खाल्ल्या असतील कोण जाणे. आईंना आता पाठवताना औषधं जास्तीची द्याच, पण भावाला जीपीचंही सांगून ठेवा.

बाकी देशांशी तुलना करू नका, कारण तुमच्या एजंटच्या डोक्यात कदाचित दुसऱ्याच देशाची केस असेल. अमेरिकेने व्हिजिटर लोकांना अशी सरसकट मुदतवाढ दिलीच नाही, तिथे मुदत संपायच्या आत आय-५३९ फॉर्म भरून ३७० डॉलर आणि वर बायोमेट्रिकचे ८५ डॉलर भरावे लागत होते. यूएईने १ मार्च २०२० नंतर संपणारे व्हिसे डिसेंबरअखेरपर्यंत चालतील असं जाहीर केलं आणि जुलैमध्ये कॅबिनेटने ते मागे घेऊन वेगवेगळे ग्रेस पिरियड लावले, त्यात डिसेंबरच्या भरवशावर बसलेल्यांची तारांबळ उडाली. म्हणून कुणी म्हणालं की कोविडमध्ये सगळ्यांना माफ होतं, किंवा उलट म्हणालं की कुणालाच नव्हतं, तर देश कुठला आणि तारीख कुठली हे विचारायचं.

आता फॉर्मचं. यूकेच्या व्हिजिटर फॉर्ममध्ये आधीच्या ट्रिप विचारतात, कधी गेलात आणि किती दिवस राहिलात. तिथे खऱ्या तारखा लिहा, २० नोव्हेंबर ते २२ ऑगस्ट, नऊ महिने दिसतात तर दिसू देत. पुढे एक प्रश्न येतो की व्हिसाच्या किंवा राहायच्या परवानगीच्या मुदतीनंतर तुम्ही कधी राहिला होता का. आम्ही २०२३ मध्ये आईबाबांचा फॉर्म भरला तेव्हा मी यावर दोन रात्री विचार केला. मुदत होम ऑफिसनेच वाढवलेली, म्हणून 'नाही' निवडलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही, जादा माहितीच्या चौकटीत सगळं लिहिलं: कधी आले, मुदत कधी संपत होती, कुठलं तिकीट रद्द झालं, कोविडच्या सवलतीत किती दिवस राहिले आणि जूनमध्ये भारत सरकारच्या वंदे भारत मोहिमेच्या विमानाने कसे गेले. एका पानाचं पत्रही जोडलं, त्यात तेच. पुण्याच्या व्हिसा सेंटरवर बायोमेट्रिक दिलं, व्हिसा आला, कुणी एक प्रश्न विचारला नाही. तुमचं वेगळं निघू शकतं, मी वकील नाही, पण लपवण्यापेक्षा हा रस्ता शंभर पट बरा आहे.

कारण लपवून लपत नाही हो. २०१५ पासून यूकेत एक्झिट चेक्स आहेत, विमान कंपन्यांकडून प्रवाशांची माहिती जाते, तुमच्या आई कधी निघाल्या हे त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. फॉर्मवर ती ट्रिपच नाही असं दिसलं तर त्याला ते फसवणूक म्हणतात आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. सवलत नसती आणि आई खरंच महिन्याच्या वर ओव्हरस्टे होऊन स्वखर्चाने परतल्या असत्या तरी बंदी एका वर्षाची होती. नसलेला एका वर्षाचा गुन्हा लपवायला दहा वर्षांचा गुन्हा करायचा, आणि त्यात एजंटचं काहीच जात नाही, विमानतळावरून परत फिरायची वेळ येईल ती तुमच्या आईंवर.

कागद कुठले जमवायचे: जुन्या पासपोर्टची हीथ्रोचा शिक्का आणि परत आल्यावरचा भारताचा शिक्का असलेली पानं, मूळ परतीचं तिकीट आणि ते रद्द झाल्याची मेल, ऑगस्टच्या विमानाचा बोर्डिंग पास, आणि भारतात आल्यावर क्वारंटाइनची हॉटेलची पावती असेल तर तीही. आमच्या आईबाबांना सात दिवस हॉटेलात आणि सात दिवस घरी राहावं लागलं होतं, ती पावती बाबांनी जपून ठेवली होती आणि प्रवासाची तारीख दाखवायला तीच कामाला आली. होम ऑफिसची ती जुनी सूचना आता साइटवर सहज सापडत नाही, पण यूके गव्हर्नमेंट वेब अर्काइव्हमध्ये त्या वेळची पानं ठेवलेली आहेत, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२० च्या आसपासचं पान काढून पत्रासोबत जोडा म्हणजे अर्ज बघणाऱ्याला शोधत बसावं लागणार नाही.

तेव्हा आज आधी आईंचा जुना पासपोर्ट काढा आणि शिक्क्यावरची तारीख बघा, आपण २० नोव्हेंबर धरून चाललोय पण विमान आदल्या रात्रीचं असेल तर एखादा दिवस इकडे तिकडे होतो. तारखा कळवा, पत्राचा मसुदा मी बघून देतो.